पहिलीची दुसरी झालेली लीग

आमच्या घरात क्रिकेट बाबांकडून आलं आणि फुटबॉल आईकडून. आई मडगावची. तिच्या माहेरी मोठे मामा साळगावकरचे, धाकटे मामा धेंपोचे आणि शेजारचं अख्खं घर चर्चिल ब्रदर्सचं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गेलो की जेवताना हुमणाच्या आंबटपणावरून जेवढे वाद होत नसत तेवढे या तीन क्लबांवरून होत. धाकटे मामा 'आमचो धेंपो' असं म्हणायचे ते अगदी 'आमचो चलो' म्हटल्यासारखं. इकडे मुंबईत बाबांचे एक चुलतभाऊ, आमचे दादरचे काका, बँकेच्या संघातून हारवूड लीग खेळलेले. फुटबॉलपटू म्हणून नोकरीला लागले आणि अकाउंट्समधून निवृत्त झाले. त्या पिढीतल्या मुंबईच्या बऱ्याच फुटबॉलपटूंची गोष्ट दोन ओळींत सांगायची तर हीच.

परवा माझ्या भाच्याशी बोलताना आय-लीगचा विषय निघाला. तो एफसी गोवाचा भक्त, वय वर्षं एकोणीस. म्हणाला, "मामा, आय-लीग म्हणजे ती सेकंड डिव्हिजन ना? खालची?" त्याचं काही चुकलं नव्हतं. कागदोपत्री आता तसंच आहे. पण त्याचे दोन्ही आजोबामामा ज्या लीगसाठी एकमेकांशी आठ-आठ दिवस अबोला धरायचे, ती 'खालची' कधी आणि कशी झाली हे त्याला सांगावं असं वाटलं. सांगायला बसलो तर ते फोनवर मावेना, म्हणून हा लेखनप्रपंच.

*

तर सुरुवातीपासून. आपल्याकडे फुटबॉल जुना, पण देशभराची लीग मात्र फार उशिरा आली. त्याआधी होत्या त्या स्पर्धा: कोलकात्याची आयएफए शील्ड, दिल्लीचा ड्युरँड, मुंबईचा रोव्हर्स कप. रोव्हर्स तर १८९१ सालापासूनचा, आणि नंतर कूपरेजच्या मैदानाशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं. लीग असायची ती आपापल्या शहराची किंवा राज्याची. १९९६-९७ साली नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी फगवाड्याच्या जेसीटी मिल्सनं ती जिंकली. बायचुंग भुतिया तेव्हा त्यांच्याकडून खेळत होता. पुढे मोहन बागान, ईस्ट बंगाल यांची वर्षं आली. मधे १९९८-९९ ला वास्कोच्या साळगावकरनं बाजी मारली. गोव्यातल्या क्लबानं देशाची लीग जिंकल्याची ही पहिली वेळ. मोठ्या मामांनी त्या वर्षीचं पेपरातलं कात्रण देवघराच्या फळीखाली चिकटवून ठेवलं होतं. मामींना ते मुळीच पसंत नव्हतं!

पण खरी गंमत पुढे आहे. २००४-०५ पासून २०१२-१३ पर्यंतच्या विजेत्यांची यादी बघा: धेंपो, महिंद्रा युनायटेड, धेंपो, मग लीगचं नाव बदलून आय-लीग झालं आणि पुन्हा धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स. सलग नऊ वर्षं. देशाचं विजेतेपद गोवा किंवा मुंबईच्या बाहेर गेलंच नाही! २००७-०८ ला आय-लीगचा पहिला हंगाम झाला त्यात दहा संघ होते. त्यातले चार गोव्याचे (धेंपो, चर्चिल, साळगावकर, स्पोर्टिंग) आणि दोन मुंबईचे (महिंद्रा आणि एअर इंडिया). म्हणजे दहात सहा संघ कोकण रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरातले. लोकसंख्येनं आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याहून लहान असलेल्या गोव्यातून चार संघ! कोलकात्याच्या फुटबॉलवेडाबद्दल आपण नेहमी ऐकतो आणि ते खरंही आहे, पण त्या नऊ वर्षांबद्दल मराठी पेपरांच्या क्रीडा पानावर किती वाचलं, हे आठवून पाहा. चौकटीत तीन ओळी. तेवढंच.

आणि त्याच पहिल्या हंगामात साळगावकर शेवटच्या दोनात आले आणि खाली गेले. माजी विजेते, पण कुणाला सूट नाही. खाली दुसऱ्या श्रेणीची लीग होती, तिथे गेले, तिथून परत वर आले आणि २०१०-११ ला थेट विजेते झाले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. लीगचा जिना असा चढता-उतरता असेल तर खालच्या पायरीला कुणी हिणवत नाही. आज तू तिथे आहेस, उद्या मी असेन.

*

धेंपोच्या बाबतीत एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ५ डिसेंबर २००४. बंगळुरूला फेडरेशन कपची फायनल, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर. त्यानं पहिला गोल केला. मग दुसरा केला, आणि तो करताना बागानच्या गोलकीपरशी टक्कर होऊन कोसळला तो उठलाच नाही. धेंपो २-० नं जिंकलं. त्या रात्री करंडक घेऊन परतणाऱ्या संघाची काय अवस्था झाली असेल याची कल्पनाही करवत नाही. क्लबानं त्याचा दहा नंबर कायमचा बाजूला ठेवला. त्याच हंगामात धेंपोनं लीगही जिंकली. आर्मांदो कुलासो यांचा तो संघ, पुढे क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा ही त्यातली घराघरात माहीत असलेली नावं. २००८ ला हा क्लब एएफसी कपच्या सेमीफायनलपर्यंत पोचला. धाकटे मामा तो दहा नंबरचा विषय निघाला की अजूनही उठून बाल्कनीत जातात.

*

आता पैशाचं बघू, कारण शेवटी सगळं तिथेच येतं. गोव्यातले धेंपो आणि साळगावकर हे खाणमालकांचे क्लब. जमिनीतून लोखंडाचं खनिज निघत होतं, बार्जेसमधून मुरगाव बंदरात जात होतं आणि त्या पैशातला थोडा भाग मैदानावर येत होता. चर्चिल ब्रदर्स वार्काच्या आलेमाव कुटुंबाचा. मुंबईत वेगळी तऱ्हा. इथे क्लब म्हणजे कंपनी: टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका, एअर इंडिया, महिंद्रा. खेळाडू हजेरीपटावर, दुपारी सराव. तिकीट विकून किंवा टीव्हीच्या पैशावर यांपैकी कुणाचंच भागत नव्हतं. शेठचा जीव खेळात आहे तोवर क्लब आहे, इतका तो साधा हिशेब.

महिंद्राचा संघ १९६२ सालचा. २००० मध्ये त्याचं 'महिंद्रा युनायटेड' झालं. डेरिक परेरांच्या हाताखाली २००५-०६ ला त्यांनी देशाची लीग जिंकली. नॅशनल लीग आणि आय-लीग मिळून महाराष्ट्रातल्या क्लबानं मिळवलेलं हे एकमेव विजेतेपद. आणि २०१० ला कंपनीनं जाहीर केलं की हा हंगाम झाला की संघ बंद. यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर लक्ष देणार म्हणे. उद्देश चांगलाच असेल, पण अठ्ठेचाळीस वर्षांचा क्लब एका पत्रकानं संपला. पुढच्याच वर्षी, २०११ ला जेसीटीनंही दुकान बंद केलं. म्हणजे पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा क्लबही गेला. २०१३ ला एअर इंडिया आणि ओएनजीसी परवान्याच्या अटींत न बसल्यामुळे बाहेर झाले. दादरचे काका तेव्हा एवढंच म्हणाले, "चला, आता कूपरेजला दुपारी जायचं कारण नाही."

गोव्यात २०१२ ला खाणी बंद झाल्या. आधी सरकारचा आदेश, मग सुप्रीम कोर्टाचा. पुढे काही वर्षं मर्यादेत सुरू होऊन २०१८ ला पुन्हा थांबल्या. निसर्गाची जी नासधूस झाली होती ती पाहता ते व्हायलाच हवं होतं असं माझं मत आहे (मोठ्या मामांचं नाही!). पण खनिजाच्या पैशावर फक्त बार्जेस चालत नव्हत्या, हेही खरं.

*

याच सुमारास दुसरीकडे वेगळंच शिजत होतं. डिसेंबर २०१० मध्ये फुटबॉल महासंघानं आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, सातशे कोटींचा करार केला. भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क त्यांच्याकडे गेले. त्यातून २०१४ ला इंडियन सुपर लीग निघाली. आठ शहरं, आठ फ्रँचायझी, सिनेमातले तारे, क्रिकेटमधले तारे, निवृत्तीला आलेले जगप्रसिद्ध फुटबॉलपटू. सुरुवातीला तीन महिन्यांचा हंगाम. आय-लीगनं आपली देशातली अव्वल लीग असल्याचं बिरुद तेव्हा सोडलेलं नव्हतं, पण टीव्ही कुणाकडे आणि जाहिराती कुणाकडे हे सगळ्यांना दिसत होतं.

गंमत म्हणजे एफसी गोवाच्या पहिल्या मालकांत श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगावकर हे दोघेही होते. जेवणाच्या टेबलावर एकमेकांशी न बोलणारे माझे दोन्ही मामा त्या वर्षी पहिल्यांदा एकाच संघाच्या बाजूनं फातोर्ड्याला गेले. मामी म्हणाल्या, घरात शांतता नांदली. मला मात्र ते ऐकून उगाचच चुकल्यासारखं वाटलं. २०१४-१५ च्या हंगामात, पाच वेळा देशाची लीग जिंकलेला धेंपो आय-लीगमधून खाली गेला. पण साळगावकरसारखाच तोही जिना चढून आला. २०१५-१६ ची दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून त्यांनी वरची जागा परत मिळवली.

मिळवली, आणि खेळलेच नाहीत!

कारण मे २०१६ मध्ये महासंघानं नवा आराखडा मांडला. आयएसएल सर्वांत वर, आय-लीगचे क्लब त्याखालच्या 'लीग वन' मध्ये, आणि मधे जिना नाही. तुम्ही खालची लीग कितीही वेळा जिंका, वर जाता येणार नाही. वरचा कितीही हरला तरी खाली येणार नाही. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी जूनमध्ये लीगमधून अंग काढून घेतलं, धेंपोही त्याच वाटेनं गेलं. देशाचे विजेते क्लब गोव्याच्या स्थानिक लीगपुरते उरले. ते मैदानावर हरून खाली गेले असते तर मामांनी चार शिव्या घालून पुढच्या वर्षीची वाट पाहिली असती. इथे वाट बघण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं.

*

आता या गोष्टीतला सगळ्यात विलक्षण भाग. गोव्याचे क्लब गेल्यामुळे जागा रिकाम्या झाल्या. मिझोरामचा ऐजॉल एफसी २०१५-१६ ला खाली घसरला होता, त्याला परत बोलावलं गेलं. त्याच सुमारास मुंबई एफसीनं आपल्या प्रशिक्षकाला निरोप दिला होता: खालिद जमील. स्वतः महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळलेला, २००९ पासून मुंबई एफसी सांभाळणारा, कमी पैशांत संघ दरवर्षी काठावर वाचवणारा माणूस. त्याला ऐजॉलनं घेतलं. त्याच्याबरोबर जयेश राणे, आशुतोष मेहता अशी मुंबईच्या मैदानांवर घडलेली पोरं डोंगरात जाऊन खेळली. आणि २०१६-१७ ची आय-लीग ऐजॉलनं जिंकली! ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजॉंगशी १-१ बरोबरी आणि विजेतेपद. ईशान्य भारतातला पहिला विजेता क्लब. आदल्या वर्षी घसरलेला, पुढच्या वर्षी देशात पहिला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला, लीगमधून बाहेर पडला आणि पुढे बंदच झाला.

इथे थांबून विचार करावासा वाटतो. ऐजॉलला ती जागा मिळाली कारण गोव्याचे तीन क्लब रागानं निघून गेले. म्हणजे माझ्या मामांच्या घरात जे सुतक होतं त्यातूनच मिझोरामच्या एखाद्या घरात दिवाळी झाली. शिवाय आधी बाहेर काढलेल्या चर्चिल ब्रदर्सनाही त्याच हंगामात परत घेतलं गेलं, म्हणजे शेजाऱ्यांकडेही दिवाळी! खेळाचा इतिहास लिहिताना 'अन्याय' हा शब्द आपण पटकन वापरतो, पण एकाच्या खात्यात मांडलेली रक्कम दुसऱ्याच्या कुठल्या बाजूला गेली हेही बघायला हवं. (हे काकांच्या अकाउंट्सचे संस्कार!)

*

पुढचं पटापट सांगतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये आशियाई महासंघानं शिक्कामोर्तब केलं: २०१९-२० पासून आयएसएल पहिली, आय-लीग दुसरी. भाच्याची 'खालची' लीग ती इथून. त्या हंगामात आय-लीग जिंकून मोहन बागान एटीकेमध्ये विलीन होऊन वर गेला, पाठोपाठ ईस्ट बंगालही वर गेला. मैदानावर जिंकून वर जाण्याचा रस्ता मात्र २०२२-२३ ला उघडला. त्या वर्षी पंजाबचा क्लब आणि पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग वर गेले. २०२४-२५ पर्यंत आयएसएलमधून खाली मात्र एकही क्लब आला नव्हता. म्हणजे जिना झाला, पण फक्त चढायचा.

२०२४-२५ ला तर कमालच झाली. शेवटच्या दिवशी चर्चिल ब्रदर्स ४० गुणांवर, वाराणसीचा इंटर काशी ३९ वर, आणि काशीच्या एका सामन्याचा वाद समित्यांपुढे पडलेला. महासंघानं चर्चिलला विजेते ठरवलं. काशीवाले स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे गेले आणि जुलै २०२५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. विजेतेपद गेलं, वर जाण्याची संधीही गेली. मडगावच्या शेजाऱ्यांनी एप्रिलमध्ये वाटलेले पेढे परत मागावेत का, असा प्रश्न धाकट्या मामांनी फॅमिली ग्रुपवर विचारला. त्यावर शेजाऱ्यांनी ग्रुप सोडला.

आणि आपलं महाराष्ट्र? पुण्याचंच बघा. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरे आले आणि दोन-तीन वर्षांत संपले. भारत एफसी एक हंगाम टिकले. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम. आयएसएलमधली एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद पडली आणि तिची जागा हैदराबादला गेली. एका शहरानं दहा-बारा वर्षांत चार क्लब पाहिले आणि चारही हरवले. मुंबईच्या केंकरे एफसीनं २०२१-२२ आणि २०२२-२३ असे दोन हंगाम आय-लीगमध्ये काढले आणि ते खाली गेले. निदान ते खेळून खाली गेले, याचं मला बरं वाटतं.

*

भाच्यानं हे वाचलं तर म्हणेल, मामा, तुमची ती जुनी लीग एवढी चांगली होती तर स्टेडियम रिकामी का असायची? त्याचं बरोबर आहे. कूपरेजला महिंद्राच्या सामन्याला काकांसकट मोजकी डोकी असायची, ते मीच पाहिलंय. आयएसएलनं मैदानं बरी केली, खेळाडूंना बरे पैसे दिले, पोरांना टीव्हीवर फुटबॉल दिला. २०२०-२१ ला मुंबई सिटीनं विजेतेपद आणलं, २०२१ मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा भारतातला पहिला क्लब झाला. हे नाकारून मला जुन्या दिवसांच्या नावानं उसासे टाकायचे नाहीत.

माझी खंत एवढीच, की इंग्लंडमध्ये दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या क्लबाला आपण काल वर होतो, उद्या वर जाऊ हे म्हणता येतं, आणि तिथली माणसं त्या 'उद्या'वर पिढ्यान् पिढ्या काढतात. आपल्याकडे दुसरी श्रेणी खेळून नव्हे, करारातून ठरली. क्लब बंद करायला मालकाचं एक पत्रक पुरलं, लीगची पायरी बदलायला एक बैठक. या दोन्ही ठिकाणी माझ्या मामांना, काकांना कुणी विचारलं नाही, आणि विचारावं असं त्यांनाही कधी वाटलं नाही. आमचो, आमचो म्हणत होते, पण क्लब त्यांचा नव्हताच. मला वाटतं खरा प्रश्न हा आहे, पहिली की दुसरी हा नाही.

तरीही काही बातम्या येत राहतात. धेंपोनं पुन्हा अगदी खालून सुरुवात केली आणि २०२३-२४ ला तिसऱ्या श्रेणीतून वर येऊन २०२४-२५ ची आय-लीग खेळली. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचा प्रशिक्षक झाला, बऱ्याच वर्षांनी एक भारतीय माणूस त्या जागी बसला. महिंद्रा बंद, एअर इंडियाचा संघ गेला, मुंबई एफसी नाही. तो ज्या तीन संघांत घडला त्यातला एकही आता त्या नकाशावर नाही.

कूपरेज, फातोर्डा किंवा टिळक मैदानावर तुमच्यापैकी कुणी या संघांना पाहिलं असेल तर जरूर लिहा. मावशी, तुझ्याकडे ते साळगावकरचं कात्रण अजून असेल तर फोटो काढून पाठव. फळी उतरवताना मामींनी ते फेकलं नसेल, अशी आशा आहे.